पिशवी उलटी करा, मग बोला : डिस्चार्जच्या वेळी पेशंटला औषधं कशी समजावावीत

डिस्चार्जच्या दिवशी दुपारी कुठल्याही वॉर्डात साधारण एकच देखावा असतो. बिल भरून झालेलं, वडाप थांबवून ठेवलेलं, नातेवाईक एका पायावर तयार. सिस्टर डिस्चार्ज कार्ड हातात धरून भराभर सांगते, "ही सकाळी एक, ही दोन वेळा, ही जेवणाआधी. कळलं का मावशी?" मावशी म्हणते, "कळलं की." दोघीही मोकळ्या.

माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली. मग एक आक्का आली, कवठेमहांकाळकडची. शुगर नवीनच सापडलेली, ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी सुरू केलेली. मी तिला बजावलं होतं, "नाश्त्याआधी घ्यायची, रोज, एक दिवसही चुकवायची नाही." दोन आठवड्यांनी संध्याकाळी तिला परत आणलं ते घामानं चिंब, बोलणं असंबद्ध, शुगर ४१. त्या दिवशी संकष्टी होती. सकाळपासून पोटात दोन कप चहा, बाकी काही नाही. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर तिनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य मलाच ऐकवलं, "तुम्हीच म्हणला न्हवं, चुकवायची न्हाई म्हणून."

तिनं माझं तंतोतंत ऐकलं होतं. उपासाचं मीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून "कळलं का?" हा प्रश्न मी टाकून दिला. त्याच्या जागी हळूहळू जी पद्धत बसत गेली, ती नवीन नर्स मुलींसाठी इथं लिहिते आहे. सांगली-मिरजेच्या वॉर्डात मला जे उपयोगी पडलं, तेच.

पायरी १ : आधी आपला अभ्यास

फार्माकॉलॉजीचा पेपर सगळ्यांनीच दिलेला असतो, आणि निकाल लागल्यावर तो बहुतेक विसरलेलाही असतो. पेशंटपुढे उभं राहण्याआधी प्रत्येक औषधाच्या चार गोष्टी आपल्याला न बघता सांगता यायला हव्यात : कशासाठी दिलंय, शरीरात किती वेळ टिकतं, जेवणाशी आणि दुसऱ्या औषधांशी त्याचं जमतं की नाही, आणि काय झालं तर ताबडतोब दवाखाना गाठायचा.

यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे आपण फार दुर्लक्ष करतो. अर्धायुष्य म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. गळक्या हौदात रोज ठरलेल्या घागरी ओतल्या, तर काही दिवसांनी पाणी एका पातळीला येऊन थांबतं. जेवढं येतं तेवढंच गळतं. औषधाचंही तसंच, आणि ती पातळी यायला साधारण पाच अर्धायुष्यं लागतात. थायरॉक्सिनचं, म्हणजे थायरॉइडच्या गोळीचं, अर्धायुष्य सात दिवसांच्या आसपास आहे. म्हणजे हौद भरायलाच पाचेक आठवडे गेले. म्हणून टीएसएच, ही थायरॉइडची रक्ततपासणी, सहा आठवड्यांनी करतात, आणि म्हणूनच आठव्या दिवशी "काही फरक नाही सिस्टर" म्हणणाऱ्या बाईला द्यायला आपल्याकडे उत्तर असतं. बीपीच्या अमलोडिपिनचं अर्धायुष्य तीस ते पन्नास तास. सकाळची गोळी दुपारी घेतली म्हणून बीपी लगेच आभाळाला भिडत नाही, घाबरून दोन गोळ्या एकदम घ्यायचं तर काहीच कारण नाही. शुगरच्या मेटफॉर्मिनचं जेमतेम सहा तास. म्हणून साधी गोळी दोन-तीनदा, आणि एकदाच द्यायची तर एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारी.

एसआर, एक्सएल, ईआर अशी अक्षरं नावाच्या शेवटी दिसली की ती गोळी कुटायची नाही. म्हाताऱ्यांना गिळवत नाही म्हणून सुना खलबत्त्यात कुटून देतात, आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असली की आपणही तेच करतो. दिवसभर झिरपायला बनवलेलं औषध मग एका घोटात सुटतं. गिळवत नसेल तर डॉक्टरांना सांगून दुसरा प्रकार लिहून घ्यायचा.

पायरी २ : पिशवी

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच गाळली जाते. ॲडमिट करतानाच नातेवाइकांना सांगायचं, "घरात आहेत तेवढी सगळी औषधं घेऊन या. बंद केलेली, उरलेली, शेजाऱ्यानं दिलेली, सगळी." आणि पिशवी आली की बेडवर उलटी करायची.

पलूसकडचे एक तात्या होते, द्राक्षबागवाले. तक्रार काय, तर पाय सुजतात. खताच्या दुकानातली नायलॉनची पिशवी चादरीवर ओतली. बीपीच्या गोळीच्या दोन पट्ट्या निघाल्या, एक निळी, एक हिरवी, नावं वेगळी. बारीक अक्षरांत खाली दोन्हीवर एकच : अमलोडिपिन ५ मिग्रॅ. एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी शहरातल्या. तात्या दोन्ही इमानेइतबारे घेत होते. अमलोडिपिननं पाय सुजतात, डोस वाढला की जास्त. ती सूज बघून तिसऱ्यानं लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड, सुरू केलेली. ती रात्री घ्यायचे, म्हणून तीनदा उठायचे. फवारणीच्या दिवसांत कंबर धरते म्हणून डायक्लोफेनॅक, त्यानं पित्त होतं म्हणून पॅन्टोप्राझोल. शिवाय टेल्मिसार्टन, बीपीचीच आणखी एक गोळी, होतीच. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण पडतो, हे नर्सच्या डोक्यात कायम पक्कं असायला हवं. पिशवीच्या तळाशी कसलीशी पावडरीची पुडी, आणि थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली. ती त्यांच्या बायकोची. चार दिवस ती घरात शोधत होती.

पिशवी ओतली की चादरीवर तीन ढीग करा : चालू कार्डाशी जुळणारी, बंद झालेली, आणि विचारायची. ब्रँडचं नाव बघू नका, खालचं मूळ औषधाचं नाव बघा. मिलिग्रॅमही बघा. जनऔषधी दुकानातून आणलेल्या पट्टीवर बहुतेक मूळ नावच मोठं असतं. ती जुन्या गोळीसारखी दिसत नाही म्हणून पेशंट तिला "नवीन गोळी" समजतो आणि जुनीही चालू ठेवतो. तिसरा ढीग डॉक्टरांपुढे न्यायचा. काय बंद करायचं हे ठरवणं त्यांचं काम, आपण परस्पर सांगायचं नाही. पण त्यांच्या नजरेला आणून देणं आपलंच काम, कारण राऊंडच्या घाईत पिशवी कुणी उघडत नाही.

एक बारीक गोष्ट. दुकानदार पट्टी कात्रीनं कापून देतात, त्यामुळं पाच गोळ्यांच्या तुकड्यावर ना नाव राहतं ना एक्सपायरी. घरच्यांना सांगा, पूर्ण पट्टी घेतली असेल तर छापलेल्या टोकाच्या गोळ्या शेवटी फोडा. नाव नसलेला तुकडा मी घरी जाऊ देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली औषधांमुळं होणारी इजा टाळण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. औषध सुरू करताना, घेताना, नवीन वाढवताना, फेरतपासणीच्या वेळी आणि थांबवताना, अशा पाच वेळा पेशंटनं प्रश्न विचारावेत असं त्यात आहे. आपल्याकडं पेशंट विचारत नाही. त्याच्या वतीनं पिशवी बोलते.

पायरी ३ : त्यांचा दिवस विचारा

"सकाळी ८ वाजता, नाश्त्याआधी" हे वाक्य आपल्या घड्याळातलं आहे. ऊसतोडीला जाणारी बाई पहाटे अंधारात निघते आणि पहिली भाकरी फडातच खाते. दूध घालायला जाणारा माणूस पाचला चहा-चपाती खातो. म्हणून मी विचारते, "पहिला घास किती वाजता?" चहा हा घास नाही, हेही तिथंच स्पष्ट करून घेते. ग्लिमेपिराइड त्या पहिल्या खऱ्या जेवणाच्या जरा आधी. थायरॉक्सिन मात्र उठल्या-उठल्या साध्या पाण्यासोबत, आणि चहासुद्धा अर्ध्या-एक तासानं. हे ऐकून आपल्याकडं माणसं गोळीपेक्षा चहाचं जास्त दुःख करतात. मग उशाशी बाटली आणि तांब्या ठेवायचा, पहिली जाग आली की घेऊन पुन्हा पडायचं, असा मार्ग काढावा लागतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून चार तास लांब.

मग उपास. संकष्टी, एकादशी, सोमवार, गुरुवार, नवरात्र, रोजे, एकेक नाव घेऊन विचारा. "उपास करता का?" एवढंच विचारलं तर "तसं काही नाही" हे उत्तर येतं आणि पुढच्या वाक्यात चतुर्थी निघते. आषाढीला माउलींची पालखी सातारा जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण अशी जाते. वारीत चालणारा मधुमेही रोज किती चालेल आणि कधी जेवेल हे तो स्वतःही सांगू शकत नाही. अशा पेशंटचा उपासाच्या आणि वारीच्या दिवसांचा डोस डॉक्टरांना आधीच विचारून कार्डावर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. "जेवण नाही तर ही गोळी नाही", ही ओळ त्या आक्कानंतर मी डॉक्टरांना विचारून ग्लिमेपिराइडच्या प्रत्येक कार्डावर लिहिते.

मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं इथं येत आली आहेत. अथणी-चिकोडीकडची आजी आपलं मराठी ऐकून मान डोलावते, पण तिच्या डोक्यात काही शिरलेलं नसतं. मुंजाने म्हणजे सकाळी, ऊट म्हणजे जेवण, गुळगी म्हणजे गोळी, एवढं कानडी तरी आपल्याला यायला हवं. बाकीचं वॉर्डातल्या कानडी बोलणाऱ्या मावशींना बोलावून सांगा, आठ वर्षांच्या नातवाकरवी नको.

पायरी ४ : थोडं सांगा, नेमकं सांगा

आठ औषधांची आठ व्याख्यानं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. धोक्याचं औषध आधी, आणि प्रत्येकाला दोन-तीन वाक्यं. माझी काही ठरलेली वाक्यं :

रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारोल : रोज एकाच वेळी, संध्याकाळी. आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्या तपासणीची, तारीख चुकवायची नाही. मेथी-पालक बंद करू नका, पण जेवढी नेहमी खाता तेवढीच खा. एक आठवडा अजिबात नाही आणि दुसऱ्या आठवड्यात रोज, असं नको. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. हिरड्यांतून रक्त, काळं-चिकट शौच किंवा डोक्याला मार लागला तर लगेच या.

मेथोट्रेक्सेट (संधिवातासाठी) : आठवड्यातून एकदाच. वार ठरवा आणि कार्डावर "फक्त बुधवारी" असं मोठं लिहा. ही गोळी रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. इथं मी आवाज चढवते.

डायगॉक्सिन (हृदयासाठी) : वॉर्डात देण्याआधी नाडी मोजा, साठच्या खाली असेल तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. घरच्या एकाला नाडी मोजायला शिकवा. मळमळ सुरू झाली किंवा पिवळं दिसायला लागलं तर गोळी न घेता फोन.

लोहाची गोळी : चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालेल, कॅल्शियमपासून दोन तास तरी लांब. शौच काळं होतं, घाबरू नका. हे आधी सांगितलं नाही तर गरोदर बाई तिसऱ्या दिवशी गोळ्या उकिरड्यावर टाकते. रिफॅम्पिसिन घेणाऱ्या टीबीच्या पेशंटला लाल-केशरी लघवीचं तसंच आधी सांगायचं.

स्टेरॉइड : एकदम बंद करायची नाही. फ्युरोसेमाइड : सकाळी, दुसरा डोस असेल तर दुपारी, रात्री नको. बीपीची गोळी : बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळं आलं, म्हणून चालूच.

विसरलेल्या डोसचा साधा नियम : लवकर आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही.

पायरी ५ : परत सांगायला लावा

इथं परीक्षा पेशंटची वाटता कामा नये. मी असं म्हणते, "मावशी, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सुनेला ही गोळी कशी सांगाल?"

"सकाळ-संध्याकाळ एकेक."

"जेवणाच्या आधी की नंतर?"

"नंतरच की."

"आणि उलट्या होतायत, जेवण जात नाही, मग?"

इथं मावशी गप्प बसते. ही गप्प बसलेली जागाच आपल्याला हवी असते. तेवढंच पुन्हा सांगायचं, वेगळ्या शब्दांत, आणि पुन्हा विचारायचं. अख्खी टेप परत लावायची नाही. घरी औषधं देणारी व्यक्ती वेगळी असेल, तर तिच्याकडूनही वदवून घ्या. पुष्कळ घरांत कार्ड मुलाच्या खिशात असतं आणि गोळ्या सुनेच्या हातात.

पायरी ६ : हातानं करून घ्या

इन्सुलिन आणि इनहेलर तोंडी शिकवता येत नाहीत.

इन्सुलिनच्या बाटलीवर ४० की १०० हे आधी बघा. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक एका मिलीला ४० युनिटच्या, त्यांची सिरिंज लाल टोपीची. पेन आणि काडतुसं १०० ची, सिरिंज नारिंगी टोपीची. पेनचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढून वीसच्या रेघेपर्यंत भरलं, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. पेशंटपुढं दोन्ही सिरिंज शेजारी शेजारी ठेवून दाखवा. दुधाळ इन्सुलिन हलवायचं नाही, दोन्ही तळव्यांत दहा-बारा वेळा फिरवायचं. टोचायची जागा रोज बदलायची, बेंबीपासून दोन बोटं लांब. दट्ट्या दाबल्यावर दहापर्यंत मोजूनच सुई काढायची. पहिलं इंजेक्शन मी देते, दुसरं ते माझ्यासमोर देतात, आणि तिसऱ्याच्या वेळी मी हात मागे बांधून उभी राहते.

न उघडलेल्या बाटल्या फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. चालू बाटली थंड जागी महिनाभर चालते, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत दिवसेंदिवस वीज नव्हती, फ्रिज म्हणजे नुसतं कपाट झालं होतं. ओली वाळू घातलेल्या माठात कोरडी वाटी आणि तिच्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली बाटली, एवढ्यावरही काम भागतं. उन्हाळ्यात जत-आटपाडीकडं हेच शिकवा.

शुगर उतरल्याची लक्षणं, म्हणजे घाम, थरथर, एकदम लागलेली भूक, बरळणं, घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन.

रोटाहेलरचा, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर श्वासानं ओढायच्या इनहेलरचा, किस्सा प्रत्येक वॉर्डात असतोच : कॅप्सूल दिसते, म्हणून पेशंट ती पाण्यासोबत गिळतो आणि दम कमी होत नाही म्हणून परत येतो. कॅप्सूल पारदर्शक टोकाकडून खोबणीत बसवा, तळ फिरवा, आतून खडखड आवाज यायला हवा. श्वास बाहेर सोडा, पण यंत्रात नाही. ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढा, दहा आकडे श्वास धरा. मग उघडून बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. स्टेरॉइडची कॅप्सूल असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरा थर धरतो.

पायरी ७ : लिहून द्या

१-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपल्याला स्वच्छ दिसतं. वाचता न येणाऱ्या आजीसाठी पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढा, आणि त्याखाली जितक्या गोळ्या तितके ठिपके. ताट काढून त्याच्या अलीकडं ठिपका म्हणजे जेवणाआधी, पलीकडं म्हणजे नंतर. माझी चित्रकला बेताची आहे, तरी चालतं. कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये राहू द्या. पुरात कागद वाहून गेले, तेव्हा ज्यांच्याकडं फोटो होते त्यांची औषधं दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

पायरी ८ : घरी गेल्यावर

औषध घेतल्यावर अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज किंवा अनपेक्षित काही दिसलं तर ते आपणही कळवू शकतो. भारताचा औषधसतर्कता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आणि टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फॉर्म भरायला डॉक्टरच लागतो असा समज आहे, तो खरा नाही. नर्सनं भरलेला फॉर्म तितकाच चालतो. खात्री असायलाही लागत नाही, संशय पुरे.

आणि तिसऱ्या दिवशी एक फोन. सगळ्यांना जमत नाही, पण इन्सुलिन, रक्त पातळ करणारी गोळी आणि एकटं राहणारी म्हातारी माणसं, एवढ्यांना तरी करा. "गोळ्या घेताय ना?" असं विचारू नका, उत्तर "हो" च येणार. त्याऐवजी पट्टी हातात घ्यायला सांगा आणि उरलेल्या गोळ्या मोजायला लावा. पंधराची पट्टी, दिवसाला दोन, तीन दिवस झाले, म्हणजे नऊ उरायला हव्यात. बारा उरल्या असतील तर रात्रीची गोळी पोटात जात नाहीये, आणि पुढचा प्रश्न आपल्याला आपोआप सुचतो : "तात्या, रात्री जेवता किती वाजता?"